नव्याने रंगवू नका, छप्पर आधी बघा

ऐतिहासिक इमारतीतले एखादे चित्रांनी सजवलेले दालन दुरुस्तीसाठी बंद होते, दोन-तीन वर्षांनी उघडते आणि आत पाऊल टाकताच डोळे दिपतात. तांबडा रंग लालभडक, निळा गडद, वेलबुट्टीवरचे सोने झगमगते. फीत कापली जाते, ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो शेजारीशेजारी छापून येतात, सगळे खूश होतात. त्यातला ‘नंतर’चा फोटो जितका चकचकीत, तितकी माझी धास्ती वाढते. शतकांची काजळी आणि धूळ काढली की अस्सल भित्तिचित्र उजळते, हे खरे. पण उजळलेल्या जुन्या रंगातही झीज दिसते, बारीक तडे दिसतात, मधेच गिलावा पडून गेलेली रिकामी जागा दिसते. जिथे यातले काहीच दिसत नाही, तिथे बहुधा कुणीतरी नवा रंग चढवलेला असतो आणि मूळ चित्रकाराची रेघ त्याखाली गेलेली असते.

माझे म्हणणे सरळ आहे. जुन्या दालनातले जे रंगकाम अजून भिंतीवर शिल्लक आहे, त्यावर नवे रंगकाम करू नये. ते भिंतीवरून सोडवून दुसरीकडे नेऊ नये. आणि अशा दालनांसाठी जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, तो कुंचल्याआधी छपरावर, पन्हळींवर आणि रोज लक्ष ठेवणाऱ्या माणसावर खर्च व्हावा.

एखादी कल्पना धरून सजवलेले दालन हे भिंतीवर टांगलेल्या चित्रांचे प्रदर्शन नसते. चौकटीतले चित्र कुठेही नेले तरी ते चित्रच राहते. दालनाचे तसे नाही. खिडकी कुठे आहे, दार कुठून उघडते, बसणारा माणूस कुठे बसणार, रात्री दिवा कुठे लागणार, हे सगळे धरून चित्रकाराने आखणी केलेली असते. इटलीत मांतुआ इथल्या राजवाड्यात आंद्रेआ मांतेन्याने 1465 ते 1474 या काळात एक खोली रंगवली. त्या भिंतींवर तिथल्या सत्ताधारी गोंझागा घराण्यातली माणसे बसली-उभी आहेत आणि त्यांच्या अंगावर पडलेला उजेड खोलीच्या खऱ्या खिडक्यांकडूनच येतोय असा रंगवलेला आहे. खरी शेकोटी भिंतीत आहे, तिची वरची दगडी पट्टी हीच चित्रातल्या माणसांची जमीन. छताच्या मधोमध एक गोल झरोका रंगवला आहे. त्याच्या कठड्यावरून बायका खाली डोकावतात, गुबगुबीत मुले कठड्याला लोंबकळतात आणि एक मोठी झाडाची कुंडी नुसत्या आडव्या दांडक्यावर टेकलेली आहे, आता पडेल की मग पडेल अशी. खाली उभे राहून मान वर केली तरच तिची भीती वाटते. तेच छत सोडवून समोरच्या भिंतीवर टांगले, तर ते एक गंमतशीर गोल चित्र उरेल आणि भीती निघून जाईल.

केरळात मट्टनचेरीच्या राजवाड्यातले शयनगृह बघा. हा वाडा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधून कोचीचा राजा वीर केरळ वर्मा याला दिला आणि 1663 मध्ये डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. राजाच्या या खोलीत रामायण रंगवले आहे, दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून राम अयोध्येला परतेपर्यंत. भिंतीवर बोटभर जागा रिकामी नाही. माणसे, वानर, झाडे, दागिने एकमेकांना चिकटून, गेरूचा तांबडा आणि पिवळा सगळीकडे, मधूनच हिरवा. चालत चालत बघायला गेले तर ही दाटी डोळ्यांना पेलत नाही. पण ही झोपण्याची खोली होती. रोज रात्री त्याच भिंतींकडे बघणाऱ्या माणसासाठी हे चित्र आहे. आज एक प्रसंग, उद्या दुसरा, असे आयुष्यभर पुरणारे. शयनगृह होते हे काढून टाकले, तर त्या दाटीचे कारणच सांगता येत नाही.

अख्खे दालन ही एकच कलाकृती आहे याची सर्वांत ठळक साक्ष लंडनमधल्या एका भांडणाने दिली. फ्रेडरिक लेलँड नावाचा धनाढ्य जहाजमालक होता. त्याच्या घरातली जेवणाची खोली टॉमस जेकिल या वास्तुकाराने आखली होती. चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी अक्रोडाच्या लाकडाच्या नाजूक फळ्या आणि मागे भिंतीभर सोनेरी नक्षीचे जुने चामडे. शेकोटीवर जेम्स व्हिसलरचे एक चित्र होते. चामड्यावरच्या फुलांचा रंग आपल्या चित्राशी जमत नाही, एवढे निमित्त धरून व्हिसलरने थोडी दुरुस्ती सुरू केली. मालक गावाबाहेर होता. 1876-77 च्या त्या महिन्यांत दुरुस्ती वाढत वाढत गेली. महागडे चामडे गडद निळ्या-हिरव्या रंगाखाली गेले, खिडक्यांच्या दारांवर सोनेरी मोर उभे राहिले, छतावर मोरपिसे पसरली. मग व्हिसलरने 2,000 गिनी मागितल्या. लेलँडने रक्कम अर्धी केली आणि तीही गिनींत न देता पौंडांत दिली. गिनी (एक पौंड एक शिलिंग) हे सभ्य गृहस्थांच्या व्यवहाराचे माप, पौंड कारागिराच्या मजुरीचे. हा अपमान होता. व्हिसलरने उरलेल्या भिंतीवर दोन भांडणारे मोर रंगवले. एक रागाने पिसारलेला आणि त्याच्या पायाशी नाणी, दुसरा बिचारा. जेवायला बसले की लेलँडच्या नजरेसमोर ते मोर. तरीही लेलँडने ती खोली मरेपर्यंत, म्हणजे 1892 पर्यंत, तशीच ठेवली.

पुढे 1904 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स फ्रीअरने ही खोली विकत घेतली. फळ्या, दारे, छत, भिंती असे सगळे सुटे करून ती डेट्रॉइटला गेली आणि त्याच्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनच्या संग्रहालयात, जिथे ती 1923 पासून आहे. म्हणजे ती हलवली गेली, आणि मी तर हलवू नका म्हणतो आहे. पण काय हलवले ते पाहा. फ्रीअरने मोर तेवढे कापून नेले नाहीत, अख्खी खोली नेली. तिचे एकक खोली हे आहे, हे त्याला कळले होते. लंडनचा उजेड आणि शेजारच्या खोल्या मात्र तो नेऊ शकला नाही, आणि जेवणाच्या टेबलाशिवाय त्या भांडणाऱ्या मोरांचा डंखही बराच बोथट झाला. शिवाय याच गोष्टीत माझ्या बाजूला न बसणारी एक गोष्ट आहे. व्हिसलरने स्वतः जुन्या, मौल्यवान चामड्यावरच रंग चढवला होता. आज कुणी तसे केले तर मी विरोध करीन, आणि व्हिसलर मोठा होता म्हणून त्याला सूट देणेही मला पटत नाही. जेकिलची खोली कायमची गेली. तिच्या जागी दुसरी कलाकृती आली. आज कुठल्याही जुन्या भिंतीवर चढणाऱ्या हाताकडे व्हिसलरची प्रतिभा असेल असे मानून धोरण आखता येत नाही.

नव्याने रंगवण्याने नेमके काय जाते, हे पाहायचे तर मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातल्या एका दालनात जावे लागते. 1498 मध्ये तिथला ड्यूक लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी लिओनार्दो दा विंचीने त्या दालनाच्या छतावर तुतीच्या झाडांचा मांडव रंगवायला घेतला. भिंतींवरून खोडे वर जातात, फांद्या छतात एकमेकींत गुंततात आणि त्यांतून सोनेरी दोरी गाठी घेत फिरते. राज्य गेले, किल्ल्याची लष्करी छावणी झाली, भिंतींवर चुना फासला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चुन्याखाली रंगाच्या खुणा सापडल्या आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. वास्तुकार लुका बेल्त्रामी यांच्या देखरेखीखाली चित्रकार एर्नेस्तो रुस्का यांनी 1901-02 मध्ये तो मांडव पुन्हा रंगवला. हिरवागार, ठसठशीत, उत्सवी. पाहुणे खूश झाले.

त्याच वेळी भिंतीच्या खालच्या भागात काही वेगळेच दिसले होते. रंग नसलेले, नुसत्या काळ्या-करड्या रेषांचे काम: झाडाची जाड मुळे खडकाच्या थरांत घुसताहेत, दगड फोडून वाट काढताहेत. उत्सवी मांडवाशी ते जुळेना. हे नंतरच्या कुणाचे तरी असावे असे ठरले आणि त्यावर लाकडी तक्तपोशी बसवली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यावर रुस्काच्या रंगाचा जाड थर हलका करण्याचे काम निघाले, तक्तपोशी निघाली, आणि त्या मुळांकडे लोकांनी नीट पाहिले. आज जाणकार त्या मुळांमध्येच लिओनार्दोचा हात सर्वांत स्पष्ट ओळखतात. 2013 पासून तिथे भिंतींच्या इतर भागांवरचा चुना अतिशय सावकाश, काही ठिकाणी लेझरने, काढला गेला आणि आणखी रेखाटने बाहेर आली. म्हणजे पाहा: ज्या हिरव्या छतासाठी टाळ्या पडल्या त्यात लिओनार्दो किती आणि रुस्का किती, याचा वाद अजून चालू आहे. आणि जे कुणाला सुंदर वाटले नाही, म्हणून ज्याला कुणी हात लावला नाही, तेच शुद्ध उरले. रुस्का अडाणी नव्हता, बेल्त्रामी तर आपल्या काळातला मोठा माणूस होता. दोघांचीही तळमळ खरी होती. मला घोर लागतो तो यामुळेच, कारण तळमळीच्या माणसांकडून हे झाले.

आजोबांच्या पत्रातल्या पुसट ओळी आपण आपल्या पेनाने गिरवल्या, तर मजकूर वाचता येईल, पण अक्षर आजोबांचे राहणार नाही, आणि चुकीचा लागलेला शब्द तर कायमचा चुकीचा होऊन बसेल. भिंतीवर हेच होते. एका पिढीने डोळ्याची कड जराशी जाड केली, पुढच्या पिढीने ती मूळ समजून आणखी जाड केली. तीन फेऱ्यांनंतर चेहरा दुसऱ्याच माणसाचा. मिलानमध्येच एका मठाच्या जेवणघरातल्या भिंतीवर असलेल्या लिओनार्दोच्या ‘अखेरच्या भोजना’वर (‘लास्ट सपर’) असे थर चढले. त्याने ते ओल्या गिलाव्यावर न करता कोरड्या भिंतीवर केले होते, म्हणून त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. अठराव्या शतकात दोनदा ते तेलरंगाने रंगवले गेले. 1821 मध्ये तर बारेझ्झी नावाच्या गृहस्थांनी ते ओल्या गिलाव्यावरचे चित्र आहे असे समजून भिंतीवरून सोडवायला घेतले. तुकडे निघू लागल्यावर थांबले. 1978 ते 1999 अशी वीसहून जास्त वर्षे पिनिन ब्राम्बिल्ला या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण साफ करत मागच्यांचे रंग उतरवले. उरलेले चित्र फिकट आहे, विरळ आहे, काही ठिकाणी नुसता आभास आहे. पण जे आहे ते त्याचे आहे.

त्या भिंतीवर येशूच्या पायांच्या जागी एक दार दिसते. 1652 मध्ये मठातल्या लोकांना जेवणघरात ये-जा सोयीची व्हावी म्हणून ते दार वाढवले. सोय हा चित्रित दालनांचा फार जुना शत्रू आहे. आज दाराऐवजी वातानुकूलनाचे नळ, विजेच्या पट्ट्या, सभेसाठी पडदा आणि ध्वनिवर्धकांचे खिळे येतात, एवढाच फरक.

आता भिंतीचे बोलू, कारण चित्र वाचते की मरते ते भिंतीवर ठरते आणि याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यात ओलावा आत-बाहेर करत असतो. छत गळले, पन्हळ तुंबली किंवा जमिनीतून ओल वर चढली, की पाणी विटा-दगडांतले क्षार विरघळवून घेऊन पृष्ठभागाकडे येते. तिथे पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. भिंतीला लोणा धरतो तो हाच. साध्या भिंतीला तो धरला तर पापुद्रा पडतो. चित्रित भिंतीला धरला तर ते स्फटिक रंगाच्या पापुद्र्यामागे वाढतात आणि रंग आतून ढकलून पाडतात. अशा भिंतीची डागडुजी सिमेंटने केली की दुखणे वाढते. चुन्याच्या भिंतीला सिमेंट पाणी सोडू देत नाही, वर स्वतःचे क्षार घालते, आणि कोंडलेली ओल जवळच्या जुन्या, मऊ गिलाव्याकडे, म्हणजे नेमकी चित्राकडे, वळते. त्यावर चकाकीसाठी रोगण मारले तर ओलावा बाहेर यायची शेवटची वाटही बुजते.

अजिंठ्याने हे भोगले आहे. तिथली चित्रे माती, भुसा, तंतू यांच्या गिलाव्यावर पातळ पांढरा थर देऊन, कोरड्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून रोगण वापरले. पुढे निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघांनी 1920 ते 1922 दरम्यान सुटणारे पोपडे पक्के बसवले. ते काम मोलाचे होते, त्यामुळे पुष्कळ चित्र पडायचे वाचले. पण त्यांनी वर लाखेचे रोगणही दिले. लाख वयाबरोबर पिवळी आणि मग तपकिरी होते, तिच्यावर धूळ-काजळी बसते आणि ती गिलाव्याचा श्वास कोंडते. ती लाख काढायला पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांनी अनेक वर्षे घालवली, आणि अजिंठ्याचे म्हणून जे अंधारलेले, पिवळसर रंग कित्येकांच्या मनात बसले, त्यात त्या लाखेचा मोठा वाटा आहे. पाँपेईजवळच्या ‘रहस्यांच्या वाड्या’त उत्खननानंतर मेण लावले गेले होते, 2013 ते 2015 या काळात ते काढावे लागले. दोन्हीकडे त्या वेळचे उत्तम ज्ञान वापरले होते. म्हणून माझा आग्रह असा की जे उद्या काढता येणार नाही, ते आज लावू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपल्याकडे नूतनीकरण हीच परंपरा आहे, देवळाच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या नव्याने रंगत आल्या, मूर्तीला वज्रलेप होतो, कळस नवा बसतो. मग भिंतीवरची झीज पूजनीय मानणे हे बाहेरून आलेले खूळ नाही का? संवर्धनाचे नियम सगळ्या संस्कृतींना एकाच मापाने लावता येत नाहीत, हे 1994 च्या नारा दस्तऐवजानेही, म्हणजे वारसास्थळांच्या अस्सलपणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मसुद्यानेही, मान्य केले आहे. मलाही ते मान्य आहे. गुरुवायूरच्या मंदिरात 1970 च्या नोव्हेंबरात आग लागली आणि भिंतींवरची चित्रे नष्ट झाली. मम्मियूर कृष्णन्‌कुट्टी नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पद्धतीने, चुन्याच्या गिलाव्यावर, त्याच रंगांत नवी चित्रे काढली. त्या गरजेतूनच 1989 मध्ये तिथे भित्तिचित्रांची शाळा उभी राहिली आणि विझत आलेली विद्या पुन्हा शिकवली जाऊ लागली. याला विरोध करण्याचे मला काही कारण दिसत नाही. रशियातल्या त्सारस्कोये सेलो इथल्या राजवाड्यातली, अंबर या पिवळसर राळेच्या फलकांनी मढवलेली ‘अंबर खोली’ 1941 मध्ये जर्मन सैन्याने लुटली, ती पुढे कुणाला सापडली नाही. 1979 मध्ये सुरू करून 2003 मध्ये ती नव्याने उभी केली गेली. तीही ठीकच. या दोन्ही ठिकाणी जुने उरलेलेच नव्हते. नवे केले ते नवे म्हणून केले, कुणी केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्याच्या अंगावर बसून ते केलेले नाही. जिवंत परंपरेच्या नावाने जे अनेकदा होते ते असे नसते: ठेका मिळालेला माणूस, डबाबंद प्लॅस्टिक रंग, भिंतीला लांबी भरून सपाट केलेली, आणि फोटो बघून काढलेले चेहरे. यात परंपरेची विद्याही नाही आणि जुने चित्रही उरत नाही.

झीज झालेल्या जागांचे मग करायचे काय? सगळे तसेच भकास ठेवायचे असे माझे म्हणणे नाही. पांढरा, ओबडधोबड डाग मधेच डोळ्यांत खुपतो आणि शेजारचे शाबूत चित्रही बघू देत नाही. रोमच्या संवर्धन संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी 1940 च्या दशकात यावर एक तोड काढली. पडलेली जागा सपाट रंगाने न भरता बारीक, उभ्या, जलरंगातल्या रेघांनी भरायची. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात इटलीतल्या व्हितेर्बो इथल्या एका चर्चमधली चित्रे हजारो तुकडे होऊन पडली. ती जोडताना ही पद्धत वापरली गेली. दहा पावलांवरून चित्र सलग दिसते. जवळ गेले की पावसाच्या धारांसारख्या रेघा सुट्या होतात आणि कुठे मूळ संपते, कुठे भरलेले सुरू होते, ते कुणालाही न विचारता कळते. भिजल्या बोळ्याने उद्या ते पुसताही येते. मला हे फार आवडते, कारण यात पाहणाऱ्याला फसवलेले नाही आणि त्याला वंचितही ठेवलेले नाही. स्मारकांच्या संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा, 1964 च्या व्हेनिस सनदेतला, नववा परिच्छेद सांगतो की अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. या रेघा तिथेच थांबतात.

त्याच सनदेचा आठवा परिच्छेद दालनांसाठी आणखी महत्त्वाचा आहे: इमारतीचा अविभाज्य भाग असलेली शिल्पे, चित्रे, सजावट, वाचवण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच काढावीत. कापडाला सरस लावून रंगाचा पापुद्रा भिंतीवरून सोलून काढण्याची विद्या इटलीत पूर्वापार आहे, आणि 1966 च्या फ्लॉरेन्सच्या पुरानंतर तिचा वापर खूप झाला. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथल्या, रोमन सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्यातली बागेची खोली, चारी भिंतींवर फळझाडे, पक्षी आणि कुंपण, 1950 च्या दशकात अशीच उचलून रोमच्या संग्रहालयात नेली. तिथे ओल खरोखर चित्र खात होती, आणि संग्रहालयाने त्याच मापाची खोली उभारून भिंती जशा होत्या तशा लावल्या. याउलट पिसाच्या दफनभूमीतले ‘मृत्यूचा विजय’ हे प्रचंड चित्र 1944 च्या आगीनंतर सोडवावे लागले होते; सत्तर वर्षांनी, 2018 मध्ये, ते परत आपल्या भिंतीवर चढवले गेले. त्यासाठी चित्रावर ओल जमणार नाही अशी सोय करावी लागली. काढून नेणे सोपे, परत आणणे किती अवघड, हे तिथल्या लोकांना विचारावे.

कधी कधी दालन नकोसे होते ते पडझडीमुळे नव्हे, त्यातल्या विषयामुळे. लंडनच्या टेट संग्रहालयातल्या उपाहारगृहात 1927 मध्ये रेक्स व्हिसलर (आधीच्या जेम्स व्हिसलरहून वेगळा) या तरुण चित्रकाराने चारी भिंतींवर एका शिकारी सहलीची गंमत रंगवली. त्या गमतीत एका काळ्या मुलाला दोरीने बांधून फरफटत नेले जाते. नव्वद वर्षे लोक त्याखाली जेवत राहिले. विरोध वाढला, 2020 मध्ये उपाहारगृह बंद झाले आणि 2022 मध्ये ते पुन्हा उपाहारगृह म्हणून उघडायचे नाही असे ठरले. इमारत संरक्षित असल्याने चित्र काढता येत नव्हते. 2024 मध्ये तिथे कीथ पायपर या काळ्या कलावंताची एक चित्रफीत दाखवायला सुरुवात झाली; तिच्यात चित्रकाराला त्या मुलाबद्दल जाब विचारलेला आहे. हे उत्तर मला योग्य वाटते. चुना फासला असता तर तो मुलगाही पुसला गेला असता आणि इतकी वर्षे त्याच्याकडे न बघता जेवणारेही. जुन्या चित्रातला अन्याय दिसत राहावा, पण त्याखाली बसून चमचे वाजवू नयेत, एवढे करता येते.

म्हणजे वापर बदलता येतो आणि कधी तो बदललाच पाहिजे. बंद, कुलूपबंद दालन मात्र उपाय नाही. जिथे माणूस फिरकत नाही तिथे गळती सहा महिने कुणाला कळत नाही आणि वटवाघळांची विष्ठा चित्रावर साचते. त्याच वेळी माणसांच्या झुंडीही चालत नाहीत, कारण श्वासातून ओल येते, बुटांतून धूळ येते आणि टेकलेल्या पाठी रंग घासतात. ‘अखेरचे भोजन’ पाहायला थोडे थोडे लोक आत सोडतात आणि पंधरा मिनिटांनी बाहेर काढतात. आधी लोकांनी कुरकूर केली असेल, पण आता तेच सर्वमान्य आहे. समारंभांना भाड्याने देण्यासाठी चित्रित दालन ही सगळ्यांत वाईट जागा, कारण तिथे गर्दी, उष्णता, वाफ आणि सजावटीचे खिळे एकाच संध्याकाळी येतात.

हे सगळे जाणकारांना माहीत आहे, तरी भिंती पुन्हा पुन्हा रंगवल्या जातात. कारण अंदाजपत्रक कसे बनते त्यात आहे. रंगकामाचे माप निघते. इतके चौरस फूट, इतका दर, इतके बिल. रंग न लावण्याचे माप निघत नाही. पन्हळ साफ ठेवल्यामुळे जे नुकसान झालेच नाही, त्याचा फोटो छापता येत नाही आणि त्याची फीतही कापता येत नाही. एकदाच मोठी रक्कम मंजूर होते, तिची मुदत असते, ती संपवायची असते. आणि रक्कम संपवायला नवा रंग हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे. संवर्धक मागवले तरी ते कमीत कमी दराच्या निविदेतून येतात, आणि सर्वांत स्वस्त माणूस भिंतीपाशी सर्वांत कमी वेळ थांबतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. जुन्या दालनाच्या कामाला मंजुरी देण्याआधी एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा भिंतीतल्या ओलीच्या नोंदी व्हाव्यात. छप्पर, पन्हळी आणि पायाभोवतीचा निचरा पुरा होईपर्यंत चित्राला हात लागू नये. सुटणारे पोपडे तात्पुरते धरून ठेवण्यापुरता अपवाद. कुठे काय भरले, कशाने भरले, याचे आरेखन लोकांना पाहता येईल असे दालनातच लावलेले असावे. चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याला चित्रसंवर्धकाइतकाच मान आणि मोबदला मिळावा, कारण तो चुकला तर दुसऱ्याचे सगळे काम वाया जाते. आणि एका माणसाची कायम नेमणूक व्हावी, ज्याने रोज सकाळी दार उघडून भिंती बघायच्या, नवा डाग, नवा तडा, नवा पापुद्रा वहीत टिपायचा आणि दर पावसाआधी कुणालाही न विचारता पन्हळीतला पाला काढायचा. त्याच्या पगाराची ओळ अंदाजपत्रकात रंगकामाच्या वर लिहिलेली असली पाहिजे.